कूलर तं घरी हाय

कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडताना लोक आधी खिसा बघतात. मी आधी लाईटचं वेळापत्रक बघितलं. पवनीत त्या वर्षी सकाळी सहा ते बारा लाईट असायची, मग चार तास गुल. संध्याकाळचं काही खरं नव्हतं. म्हणजे मला असा कॉम्प्युटर हवा होता जो हातातलं काम सहा तासांत संपवेल. साडेसहा चालणार नव्हते. इन्व्हर्टर घ्यायची ऐपत नव्हती आणि यूपीएस दहा मिनिटांत मान टाकायचा.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी नववीत होते. ही गोष्ट त्यानंतर दहाएक वर्षांची. मी एका शाळेत क्लार्क होते, लग्नाचं वय उलटत चाललंय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि उरलेल्या वेळात मी साडीचे काठ काढत होते. काठ म्हणजे आमच्याकडचा करवत काठ, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीला असतो तो, करवतीच्या दातांसारखा. बाबा विणकर, त्यांचे वडीलही विणकर. मला मात्र बाबांनी मागावर कधी बसवलं नाही. "तू शाळेत जाय," एवढंच म्हणायचे. मग मी चोरवाटेने आले. आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलने चौकोन भरले, आणि शाळेत कॉम्प्युटर आल्यावर त्याच्यावर. पगार मिळत होता तो हजेरीपत्रकाचा, काठ हा माझा छंद होता.

काढलेला प्रत्येक काठ मी छापून बाबांसमोर ठेवायची. पूर्वी ते कानामागची पेन्सिल काढून कागदावर फुल्या मारायचे. फुली म्हणजे चूक. एखाद्या कागदावर दहा-दहा फुल्या असत आणि मी दिवसभर धुमसत बसायची. पण गेल्या दोन वर्षांत एक फुली नव्हती. कागद हातात घ्यायचे, दाराकडे धरायचे, परत द्यायचे. "बरा हाय." बस. सगळेच बरे. त्याच सुमारास त्यांनी काठाच्या साड्या विणणंही सोडलं आणि साधे दुपट्टे विणायला घेतले. काठाला भाव नाही म्हणाले. मला ते पटलं, पण राग यायचा. मला वाटायचं, हिचं आता लग्न होणार, हिच्या कागदांवर कशाला डोकं फोडायचं, असा त्यांचा हिशेब असणार. मला फुली पाहिजे होती. एखादा काठ त्यांनी नीट बघावा, खरं काय ते सांगावं आणि जमला असेल तर मागावर चढवावा, एवढंच मला हवं होतं. कॉम्प्युटरचा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बाबा पूर्वी एक गोष्ट नेहमी सांगायचे. काठ कागदावर समजत नाही, निऱ्या पडल्यावर समजतो. म्हणून मी ठरवलं की काठ निऱ्यांसकट दाखवायचा. नेट कॅफेतून एक फुकटचं थ्रीडी सॉफ्टवेअर उतरवून आणलं, त्यात कापड टाकून त्याला घड्या पाडायला शिकले. आता नेसलेली अख्खी साडी चित्रासारखी दिसणार होती. फक्त ते चित्र तयार व्हायला शाळेच्या कॉम्प्युटरला अकरा तास लागत. दोनदा लावलं, दोन्ही वेळा मध्येच लाईट गेली. हेडमास्तरांनी एकदा विचारलं की हा डबा एवढा गरम का झालाय, तर मी पोषण आहाराचा तक्ता मोठा असल्याचं सांगितलं.

महागडा कॉम्प्युटर हेच काम पाच तासांत करत होता, पण तो घ्यायचा तर वर्षभराचा पगार गेला असता. तेव्हा एका फोरमवर मला ओव्हरक्लॉकिंगचा शोध लागला. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगाने त्याला पळवायचं. स्वस्त प्रोसेसर महागाचं काम करतो, फक्त तापतो. हे मला फार आवडलं. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त काम करून तापणं हे मला नवीन नव्हतं.

चार महिने मी फक्त निवड केली. नेट कॅफेत तासाचे पैसे भरून पानं छापून आणायची आणि घरी खाटेवर पसरून त्यांचा अभ्यास करायची. प्रोसेसर ठरला तो चार कोअरवाल्यांतला सगळ्यात खालचा, पण वेग वाढवायला मोकळा असलेला. मदरबोर्डवर प्रोसेसरला करंट पुरवणारा जो भाग असतो त्याच्यावर ॲल्युमिनियमची पट्टी हवीच, नाहीतर प्रोसेसर वाचतो आणि बोर्ड जळतो. ग्राफिक्स कार्ड साफ उडवलं, कारण माझं सॉफ्टवेअर सगळा भार प्रोसेसरवरच टाकायचं. फोरमवरच्या पोरांनी ग्राफिक्स कार्डाविना कॉम्प्युटर म्हणजे काय म्हणून माझी टर उडवली. ती पोरं गेम खेळायची. मी मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगून मला तिथे ओवाळणी मिळवायची नव्हती.

एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र मी हात आखडता घेतला नाही. आमच्याकडे उन्हाळी धानाला पाणी सुरू झालं की मोटारी लागतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. अशा लाईटवर स्वस्तातला डबा टिकत नाही. चांगला डबा ओळखायची खूण सोपी आहे: हातात घ्यायचा, जड लागला तर घ्यायचा. कॅबिनेट बंद पडलेल्या नेट कॅफेतून रिकामं मिळालं. मॉनिटर जुना, सतरा इंची. चित्र तयार होण्याच्या वेगाशी मॉनिटरचा संबंध नसतो, म्हणून त्यात काटकसर.

आणि कूलर. सगळी मदार त्याच्यावर. प्रोसेसरसोबत डब्यात एक छोटा पंखा फुकट मिळतो, पण वेग वाढवला की तो पुरत नाही. तांब्याच्या नळ्या आणि पातळ पत्र्यांची चवड असलेला वेगळा कूलर प्रोसेसरवर बसवावा लागतो. तो बसला की माझा प्रोसेसर दोन पूर्णांक आठ गिगाहर्ट्झवरून तीन पूर्णांक सहापर्यंत जाणार होता, आणि चित्र सहा तासांच्या आत येणार होतं. कूलर नसता तर स्वस्त प्रोसेसर घेऊन काही उपयोग नव्हता. निवडीतली प्रत्येक वस्तू त्या कूलरच्या भरवशावर निवडलेली होती.

एप्रिलमध्ये मी आणि बाबा बसने नागपूरला गेलो. सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानात मी यादी पुढे केली. दुकानदाराने ती घेतली आणि बाबांकडे बघून विचारलं, "काका, गेमसाठी पाहिजे का?"

"मले नोका विचारू," बाबा म्हणाले. "तिले विचारा. मी थैली धराले आलो."

दुकानदार नाइलाजाने माझ्याकडे वळला. मी दोन एसएमपीएस हातात तोलून एक परत केला, तेव्हा त्याने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. बाबा स्टुलावर बसून सगळं ऐकत होते. ते खूश असले की मांडीवर बोटं वाजवत, तशी वाजवत होते. बाकी सगळं मिळालं, फक्त कूलर आणि जुना मॉनिटर दुकानात नव्हता. आठवड्याने येईल म्हणाला.

आठवड्याने शाळेत निकालाचं काम निघालं आणि मला सुट्टी मिळेना. बाबा म्हणाले, मी जातो. मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली. पहिल्या ओळीत लिहिलं कूलर, दुसऱ्या ओळीत मॉनिटर. फक्त 'कूलर'. चार महिने त्या वस्तूचा जप केल्यावर त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे मी विसरून गेले होते. आणि तेही विदर्भात, जिथे मार्च संपला की घरोघरी खिडकीला पत्र्याचा तो मोठा खोका लागतो, त्यात पाणी भरतात, गवताच्या ताट्या भिजवतात, आणि जून उजाडेपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यासमोरच्या जागेसाठी भांडत असतं. आमच्याकडे कूलर म्हणजे तो.

संध्याकाळी बाबा आले ते रिक्षातून. मांडीवर भलामोठा खोका. मी धावत बाहेर गेले. खोक्यावर मॉनिटरचं चित्र होतं, कोरा नवा, बावीस इंची.

"हा कोनी सांगितला होता? अन् कूलर कुठं हाय, बाबा?"

"कूलर तं घरी हाय," बाबा शांतपणे म्हणाले. "मागच्या सालीच तं नव्या ताट्या टाकल्या. दुकानवाला इचारे, मी म्हनलो, घरी हाय. तेवढे पैसे वाचले, अन् थोडे माह्याजवळचे टाकले. छोटा काही कामाचा नव्हता."

आई आतून येऊन खोक्यावर हात फिरवत उभी राहिली आणि म्हणाली की टीव्हीसारखाच आहे की. तो शब्द तिने मला आयता दिला.

"टीव्हीच पायजे होता तं तसं सांगाचं ना," मी बाबांना म्हणाले. "माह्या नावावर कायले आनला? चार महिने मी काय करून राहिली होती, तुमाले काही समजलं तरी काय?"

बाबांनी खोका खाटेवर ठेवला, चप्पल बाहेर नीट लावली आणि हात धुवायला गेले. माझी जीभ तिखट आहे हे मला लहानपणापासून सांगण्यात आलंय. त्या दिवशी मी ती वापरली आणि वापरून समाधान झालं, हे कबूल केलेलं बरं.

पुन्हा कूलर आणायला पैसे नव्हते. मॉनिटर परत करायचा तर दुकानदार घेईना. मी कॉम्प्युटर जोडला. प्रोसेसरवर तो फुकटचा छोटा पंखा बसवला, कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवली, समोर टेबल फॅन लावला आणि वेग वाढवून पाहिला. तीन पूर्णांक दोनपर्यंत गेला. तीन पूर्णांक तीनला तासाभरात पडदा निळा पडून सगळं बंद. आमचं घर कवेलूच्या छपराचं, मे महिना, सकाळी दहालाच अंगातून पाणी निघत होतं, तिथे त्या बिचाऱ्याचं काय. फोरमवर विचारलं तर सल्ला आला की खोलीचं तापमान पंचवीसच्या वर जाऊ देऊ नकोस. पुण्यातल्या कुठल्यातरी पोराने लिहिलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

तीन रविवार मी चित्र लावलं आणि तीनही रविवारी ते फसलं. वेग कमी ठेवला की बारा वाजता लाईट जायची, जास्त ठेवला की त्याआधी प्रोसेसर हात वर करायचा. या काळात बाबा आणि मी कामापुरतंच बोलत होतो.

चौथ्या रविवारी सकाळी साडेपाचला मी उठले तर बाबा अंगणातून खोलीत बादल्या नेत होते. त्यांनी खिडकीचा कूलर काढून मधल्या दारात आणून ठेवला होता आणि त्यात पाणी भरत होते.

"हवा ओली असते, बाबा. कॉम्प्युटरले चालत नाही."

"म्हनूनच दारात ठेवला. त्याच्या अंगावर नाई सोडत. खोली थंडी करतो, बस. मागाच्या सुताले बी असंच करा लागते, तुले काय माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं. सहाला लाईट आली आणि मी चित्र लावलं. कूलर घरघरायला लागला, आणि अर्ध्या तासात खोलीत हातावर काटा आला. आमची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की पत्र्याचा तो खोका चांगल्या एसीला भारी पडतो. मी वेग तीन पूर्णांक पाचवर नेला. सातला तापमान ठीक, नऊला ठीक, अकराला थोडं वर पण आटोक्यात. बाबा दर अर्ध्या तासाने पाणी टाकत होते. त्यांचं बरोबर होतं, कूलर घरी होता. हे मी त्यांना त्या वेळी म्हणाले नाही, तेवढी मी मोठ्या मनाची नव्हते.

पावणेबाराला चित्र पूर्ण झालं. कोशाच्या रंगाची साडी, निऱ्या पडलेल्या, आणि खाली लाल करवत काठ. बावीस इंचांवर ते पाहून माझीच मी खूश झाले. बाबांना हाक मारली. ते ओले हात पुसत आले, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याच्या इतके जवळ बसले की मला वाटलं नाक टेकवतात की काय. मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. एका डोळ्याने बघत होते.

"हे मोठं होते काय?"

मी काठ मोठा केला.

"आनखी."

आणखी केला. "आनखी" असं म्हणत ते थांबले तेव्हा पडद्यावर करवतीचा एकच दात उरला होता, वीतभर मोठा. त्यांनी बोटाने तो दात खालपासून वरपर्यंत चाचपला, काचेवर पाण्याचा ओघळ उमटला.

"निरीत हा दात झुकला हाय. तुह्या कागदावरचा काठ दाखव, चौकोनाचा."

मी मूळ नक्षी उघडली आणि तीही तेवढीच मोठी केली. बाबा ओठांत ओळी मोजत वर गेले आणि टोकाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकलं. इथं एकच ओळ हाय. धोटा एका ओळीत तिकडं गेला. आता येते कसा? त्याले यायले दुसरी ओळ पायजे. दात दोन-दोन ओळीनंच चढते. असा काठ जगात कोनी विनू नाई शकत."

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारी ती लाकडी होडी. तो गेला की त्याला परत यावं लागतं. मागाजवळ बसलेल्या चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं, मला कळलं नव्हतं, कारण माझ्या कागदावर नुसते चौकोन होते. दोन वर्षांपूर्वी दात टोकदार दिसावा म्हणून मीच शेवटची ओळ एकेरी केली होती, आणि तेव्हापासूनचे माझे सगळे काठ तसेच होते. कपाटात चाळीसेक कागद पडलेले होते. त्यांतला एकही विणता येणार नव्हता, आणि प्रत्येक कागद बाबांनी दाराकडे धरून पाहिला होता.

बाबांची मान अजून तिरकीच होती. बुबुळावर पांढुरकं काहीतरी होतं. मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होते.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

"दोनेक सालं झाले असन. उजव्यानं तं नाईच. डाव्यानं मोठं असलं तं दिसते." मग म्हणाले, "त्या दुकानात त्यानं छोटा लावून दाखवला. मले नुसता उजेड दिसला. म्हनलो, पोरगी यात काय काढन अन् मी काय पाहीन."

मला ते साधे दुपट्टे आठवले. साधा दुपट्टा हाताने विणता येतो, त्याला डोळे लागत नाहीत.

"मग बरा हाय, बरा हाय काहून म्हनत होते? नाही म्हनाचं होतं."

"नाई म्हनलो असतो," बाबा म्हणाले, "तं कुठं चुकलं ते सांगा लागलं असतं."

मला रडू आलं. लाज वाटत होती आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे काय करावं ते कळेना. दोन वर्षांनी माझ्या काठात चूक निघाली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं. माझा चेहरा बावीस इंचांचा नव्हता.

"रडून काहून राह्यली?" ते आवाजावरून म्हणाले. "ओळ टाक. बारा वाजतेत, लाईट जाईन."

मी ओळ टाकली.